पक्ष्यांचा रंग, तब्येत आणि जोडीदाराची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्ष्यांचे रंग, त्यांचे आजार आणि विणीच्या हंगामातले त्यांचे वागणे यांविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. अमेरिकेत राहणारे मराठी वाचक हाऊस फिंच या एकाच पक्ष्याविषयी सातत्याने विचारतात, आणि रंग व आरोग्य यांच्या नात्यावरचे सर्वांत सलग संशोधनही याच पक्ष्यावर झाले आहे; म्हणून त्याला जागा अधिक दिली आहे.

१. पक्ष्यांमध्ये नरच जास्त रंगीत का असतो?

अंडे तयार करण्यात मादीच्या शरीराचा मोठा खर्च होतो आणि पुष्कळ जातींत अंडी उबवण्याचा भारही मुख्यतः तिच्यावरच असतो. त्यामुळे नर निवडताना झालेली चूक तिला महागात पडते. नराची संतती मात्र त्याला किती माद्या स्वीकारतात यावर अवलंबून असते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माद्यांच्या नजरेत भरणारे नर पुढे राहिले. डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीचा हा विचार सविस्तर मांडला. उघड्या घरट्यावर तासन्‌तास बसणाऱ्या मादीला मातकट रंगामुळे लपता येते, हेही दुसरे कारण आहे. या नियमाला अपवाद आहेत आणि ते प्रश्न ११ मध्ये दिले आहेत.

२. पिसांत हे रंग येतात कुठून?

मुख्यतः तीन वाटांनी. काळा, तपकिरी आणि तांबूस रंग मेलॅनिनमुळे येतो व ते पक्ष्याचे शरीर स्वतः बनवते. बहुतेक पिवळे, नारिंगी आणि लाल रंग कॅरोटिनॉइडमुळे येतात. ही द्रव्ये पक्ष्याला स्वतः बनवता येत नाहीत, ती फळे, बिया, कीटक किंवा शेवाळ यांतून मिळवावी लागतात. मोराची निळाई कोणत्याही निळ्या रंगद्रव्याची नसते. पिसातल्या मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्यांच्या नेमक्या रचनेतून प्रकाश परावर्तित होताना ती दिसते, म्हणून गळलेले मोरपीस तिरपे धरले की रंग पालटतो.

पोपट येथे वेगळे पडतात. पोपटाच्या चोचीभोवती किंवा मानेवर जो लाल–गुलाबी रंग असतो, त्याची रंगद्रव्ये पोपटाचे शरीर स्वतः तयार करते. त्यामुळे ‘गाजर खाऊ घातले तर कंठ लाल होईल का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

३. रंगावरून तब्येत कळते, या म्हणण्याला आधार काय?

आमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये असा मुद्दा मांडला की, जी खूण बाळगणे महाग पडते तीच विश्वासार्ह असते, कारण दुबळ्याला तिचा खर्च पेलत नाही. पुढे १९८२ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मार्लिन झुक यांनी या विचाराला रोगजंतू व परजीवींची जोड दिली. ज्याच्या अंगात रोगाशी लढण्याची आनुवंशिक ताकद आहे तोच नर चकचकीत दिसू शकतो, आणि अशा नराला निवडणारी मादी ती ताकद आपल्या पिल्लांना मिळवून देते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या गृहीतकात एक गोम आहे आणि तिथे हमखास गोंधळ होतो. वेगवेगळ्या जातींची तुलना केली, तर रक्तातल्या परजीवींचा त्रास ज्या जातींना अधिक, त्या जाती अधिक भडक असाव्यात, कारण तिथेच निवड करणे महत्त्वाचे ठरते. परंतु एकाच जातीच्या आत पाहिले, तर जो नर अधिक भडक त्याच्या अंगात परजीवी कमी असावेत. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात, पण ती दोन वेगळ्या पातळ्यांवरची आहेत.

प्रत्यक्ष प्रयोगाचे चांगले उदाहरण लाल रानकोंबड्याचे आहे. झुक आणि सहकाऱ्यांनी काही पिल्लांना आतड्यातल्या गोलकृमींची लागण करून वाढवले. मोठे झाल्यावर त्या नरांच्या हाडांच्या मापांत फारसा फरक पडला नव्हता, पण तुऱ्यासारख्या शोभेच्या भागांवर परिणाम स्पष्ट दिसत होता, आणि कोंबड्यांनी जंतमुक्त नरांनाच अधिक पसंती दिली. कृमींनी नराचे जे नुकसान केले ते नेमके मादी जिथे पाहते तिथे उमटले, हे मला या प्रयोगातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते.

४. आमच्या अंगणातल्या फीडरवर येणारे काही हाऊस फिंच लाल तर काही पिवळे आहेत. या दोन जाती आहेत का?

नाही, जात एकच. मादी तपकिरी रेघांची असते. नराचे डोके, छाती आणि शेपटीच्या मुळाचा भाग फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत कोणत्याही छटेचा असू शकतो. हा पक्षी मूळचा पश्चिम उत्तर अमेरिका आणि मेक्सिकोचा. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तो पिंजऱ्यात विकला जात असे. कायद्याने ती विक्री बेकायदा आहे असे ध्यानात आल्यावर काही पक्षी लाँग आयलंडवर सोडून देण्यात आले, आणि पुढच्या काही दशकांत त्यांच्या वंशजांनी संपूर्ण पूर्व अमेरिका व्यापली.

जेफ्री हिल यांनी या छटांचा अनेक वर्षे अभ्यास केला. पिंजऱ्यात साध्या दाण्यावर ठेवलेल्या नरांना नवी पिसे फिकट पिवळी आली, तर आहारात लाल कॅरोटिनॉइड दिल्यावर ती लाल आली. रानात मात्र प्रश्न केवळ आहाराचा राहत नाही. अन्नातून मिळालेल्या पिवळ्या कॅरोटिनॉइडचे लाल द्रव्यात रूपांतर पक्ष्याच्या शरीरात करावे लागते. हे काम करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक २०१६ मध्ये कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांवरील दोन स्वतंत्र अभ्यासांतून समोर आले. त्या रूपांतराच्या वेळी शरीर आजाराने खचलेले असेल तर लाली उतरत नाही.

माद्या अधिक लाल नरांना पसंत करतात, हे हिल यांनी १९९० च्या सुमारास दाखवले. लाल नर घरट्यावर जास्त वेळा घास आणतात असेही त्यांना आढळले. मोंटानातील पक्ष्यांच्या पुढच्या अभ्यासात मात्र नेमके उलट दिसले, म्हणजे अधिक लाल नर पिल्लांच्या संगोपनात कमी भाग घेत होते. जात तीच, खूण तीच, पण प्रदेश बदलला की त्या खुणेचा अर्थही बदलू शकतो.

५. फीडरवर डोळे सुजलेला, चिकटलेला फिंच दिसला. हा कोणता आजार आहे आणि मी काय करावे?

हा बहुधा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जिवाणूमुळे होणारा डोळ्यांचा संसर्ग असतो. हा जिवाणू मूळचा कोंबड्या आणि टर्की यांचा. जंगली फिंचमध्ये तो १९९४ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन शहराच्या परिसरात प्रथम लक्षात आला आणि काही वर्षांतच पूर्वेकडील हाऊस फिंचची संख्या अनेक ठिकाणी निम्म्यावर आली. पापण्या सुजतात, डोळ्यांतून पाणी येते, कडा खपलीने चिकटतात. असा पक्षी फीडरच्या काठाला डोळा घासत राहतो आणि पुढच्या पक्ष्यासाठी जंतू तिथेच ठेवून जातो. त्याचा मृत्यू बहुतेकदा थेट संसर्गाने होत नाही. दिसेनासे झाल्याने तो उपाशी राहतो किंवा मांजराच्या आणि ससाण्याच्या तावडीत सापडतो.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगायला हवी. निरोगी नर आजारी पक्ष्याला टाळतील असे आपल्याला वाटते, पण प्रयोगात निरोगी नरांनी आजारी नराच्या शेजारी बसून दाणे टिपणेच पसंत केले. आजारी पक्षी भांडत नाही, त्यामुळे त्याच्याजवळ निवांत खाता येते, आणि त्यातूनच संसर्ग पसरतो.

आजारी पक्षी दिसताच फीडर काढून घ्यावा. तो घासून धुवून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणात बुडवावा, स्वच्छ पाण्याने धुवून पूर्ण कोरडा करावा आणि दोनएक आठवडे पुन्हा टांगू नये. खाली सांडलेले दाणेही झाडून टाकावेत. एरवीही दर दोन आठवड्यांनी सफाई असावी. हा जिवाणू माणसाला बाधत नाही, तरी हात साबणाने धुवावेत. पक्ष्याला पकडून घरी औषध देऊ नये. अमेरिकेत जंगली पक्षी परवान्याशिवाय ताब्यात ठेवणे बेकायदा आहे आणि अर्धवट बरा झालेला पक्षी रोग पसरवत राहतो. जवळच्या परवानाधारक वन्यजीव शुश्रूषा केंद्राला कळवावे.

६. मग लाल नर या साथीतून खरोखर जास्त वाचले का?

हो, या एका उदाहरणात पुरावा बराच भक्कम आहे. अलाबामात साथ येण्यापूर्वी आणि नंतर केलेल्या नोंदींची तुलना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत वाचलेले नर मेलेल्या नरांपेक्षा सरासरीने अधिक लाल होते. त्यानंतर या रोगाचा पूर्वी संबंध न आलेल्या नरांना मुद्दाम लागण करून पाहिले, तेव्हा लाल नर लवकर बरे झाले. तिसऱ्या प्रकारच्या प्रयोगात पिसे येत असतानाच लागण झालेल्या नरांची पिसे कमी लाल उगवली. म्हणजे रंग आधीच्या तब्येतीमुळे ठरतो आणि पुढच्या आजारात टिकण्याची शक्यताही सांगतो.

तरीही साथ थांबलेली नाही. एकदा आजारातून उठलेल्या पक्ष्यांची प्रतिकारशक्ती अपुरी राहते, आणि त्यांच्यात पुन्हा शिरकाव करू शकणारे अधिक घातक वाण टिकून राहतात, असे नंतरच्या संशोधनात दिसले आहे.

७. आज आजारी पडलेल्या पक्ष्याचा रंग आजच फिका पडतो का?

कोणता भाग पाहतो यावर ते अवलंबून आहे. पूर्ण वाढलेले पीस ही मृत वस्तू आहे. हाऊस फिंच वर्षातून एकदा, उन्हाळा सरताना पिसे बदलतो, त्यामुळे वसंतातला त्याचा रंग मागच्या शरदातल्या तब्येतीचा दाखला असतो. चोच, पाय, डोळ्यांभोवतीची कातडी आणि तुरा यांत मात्र रक्त खेळते आणि त्यांचा रंग थोड्या दिवसांत बदलू शकतो. झेब्रा फिंच आणि युरोपीय ब्लॅकबर्ड यांच्यावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रतिकारशक्तीला काम लावल्यावर चोचीचा रंग उतरलेला आढळला.

आपल्याकडे पावसाळ्यात सारंगागारात, म्हणजे बगळ्यांसारख्या पक्ष्यांच्या विणीच्या वसाहतीत, गायबगळ्यांच्या चोची व पाय काही दिवस लालसर होतात आणि अंडी घालून झाली की पुन्हा फिके पडतात, ते याच कारणाने इतके झटपट घडते.

८. मादीच निवड करते, हे सिद्ध कसे करतात? लांब शेपटीचा नर इतर कारणांनीही यशस्वी होऊ शकतो.

ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच केवळ निरीक्षण पुरत नाही, खूण बदलून पाहावी लागते. माल्टे अँडरसन यांनी केनियात लांब शेपटीच्या विडोबर्डवर हे केले. या नराची शेपटी सुमारे अर्ध्या मीटरची असते. त्यांनी काहींची शेपटी कापून आखूड केली, ते तुकडे दुसऱ्या नरांना चिकटवून त्यांची शेपटी लांबवली, आणि काहींची कापून तशीच परत चिकटवली, म्हणजे कापण्या–चिकटवण्याचा स्वतंत्र परिणाम कळावा. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, लांबवलेल्या नरांच्या क्षेत्रात सर्वाधिक नव्या माद्यांनी घरटी केली. आखूड केलेल्या नरांनी आपली क्षेत्रे सोडली नव्हती, म्हणजे फरक नरांच्या आपसांतल्या भांडणातून आलेला नव्हता.

९. मोराच्या पिसाऱ्यावरचे डोळे मोजून लांडोर नर निवडते, हे खरे आहे का?

मोजत नक्कीच नाही. इंग्लंडमधील व्हिप्सनेड येथे मोकळे सोडलेल्या मोरांवर मॅरियन पेट्री यांनी केलेल्या अभ्यासात जास्त डोळे असलेल्या मोरांना जास्त लांडोरी मिळाल्या (१९९१), आणि अधिक शोभिवंत बापांची पिल्ले चांगली वाढली व जास्त जगली (१९९४). जपानमध्ये सात वर्षे चाललेल्या अभ्यासात मात्र असा संबंध आढळला नाही; तो निष्कर्ष २००८ मध्ये आला. एकाच कळपातल्या बहुतेक प्रौढ मोरांच्या डोळ्यांची संख्या जवळपास सारखी असते, त्यामुळे लांडोर रंगाची चमक, पिसाऱ्याची थरथर किंवा आवाज यांवर विसंबत असण्याची शक्यता मला अधिक वाटते. हे दोन्ही अभ्यास मोराच्या मायभूमीबाहेरचे आहेत, हेही विसरू नये. भारतातल्या रानात बिबट्या आणि शिकारी पक्षी यांच्या सावटाखाली हीच निवड कशी होते, हे पाहण्यासारखे आहे.

१०. सुगरणीच्या बाबतीत मादी नराचा रंग पाहते की खोपा?

आधी एक दुरुस्ती. नाव सुगरण असले तरी विणकर नर असतो. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याची वीण जवळून पाहिली आणि तिचा क्रम उलगडला. नर खोपा अर्धाच विणतो, शिरस्त्राणासारखा, मधे आडवी पट्टी असलेला. मग माद्यांची टोळी येते. मादी आत शिरते, पट्टीवर बसते, धागे ओढून पाहते. त्या वेळी नर बाहेर पंख फडफडवत, आवाज करत लटकलेला असतो. तिने पसंत केला तरच तो अंड्यांची खोली आणि खालची नळी पूर्ण करतो, आणि ती अंडी घालू लागली की हा पलीकडे दुसरा खोपा विणायला घेतो. नाकारलेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. विहिरीवरच्या बाभळीखाली पावसाळ्यात उभे राहिले तर सुकून तपकिरी झालेले असे खोपे हिरव्या, चालू खोप्यांच्या शेजारीच दिसतात.

पुढे भारतातच झालेल्या अभ्यासांत माद्यांच्या पसंतीशी विणकामाच्या बारकाव्यापेक्षा खोप्याच्या जागेचा संबंध अधिक आढळला. कारण समजण्यासारखे आहे: फांदी मजबूत असेल आणि खोपा उंचावर असेल तर वारा, साप व उंदीर यांच्यापासून पिल्ले वाचतात. नराच्या पिवळ्या टोपीला अर्थ नाही असे यावरून म्हणता येत नाही. पावसाळा सरल्यावर ती टोपी जाते आणि नर जवळजवळ मादीसारखा दिसू लागतो. अर्ध्या खोप्यात आतून लावलेल्या चिखलाच्या गोळ्यांवर काजवे चिकटवून सुगरण उजेड करते ही समजूत मात्र निराधार आहे.

११. मादी नरापेक्षा देखणी असते असे पक्षी आहेत का?

आहेत, आणि आपल्या पाणथळीतच आहेत. रंगीत पाणलाव्याची मादी गडद तांबूस मानेची असते, तीच साद घालते, आणि फिकट रंगाचा नर अंडी उबवून पिल्ले वाढवतो. कमळपक्ष्यांत नर–मादीचे रंग सारखे असले तरी मादी मोठी असते, अनेक नरांशी वीण करते आणि संगोपन नराकडे असते. प्रश्न १ मधले तर्कशास्त्र येथे मोडत नाही, ते फक्त उलटे लागू होते: पिल्लांमागे ज्याचा वेळ अडकून पडतो तो निवड करतो, आणि ज्याला मोकळीक असते त्याला स्वतःला मिरवावे लागते.

१२. रोहित पक्षी रंग ‘लावतात’ हे खरे आहे का?

हो. स्पेनमधील मोठ्या रोहितांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीच्या तेलकट स्रावात कॅरोटिनॉइड असतात आणि पक्षी ते गालाने मानेच्या व छातीच्या पिसांवर चोळतात. समूहनृत्याच्या दिवसांत हे जास्त होते, पिल्ले झाल्यावर थांबते आणि रंग काही दिवसांत विटतो. म्हणजे प्रश्न ७ मध्ये सांगितलेली पिसाची मर्यादा या पक्ष्याने आपल्या परीने ओलांडली आहे.

१३. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे नंतर चुकीची ठरली, असे झाले आहे का?

झाले आहे, आणि ते लपवू नये. चिमण्याच्या गळ्यावरचा काळा डाग जितका मोठा तितका तो वरचढ, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. जुन्या आणि नव्या आकडेवारीचा २०१८ मध्ये एकत्र फेरविचार झाला, तेव्हा हा संबंध समजला जात होता त्याहून बराच क्षीण निघाला; सकारात्मक निष्कर्षच प्रसिद्ध होण्याकडे असलेला कलही त्यातून दिसला. झेब्रा फिंचच्या नराला पायात लाल वाळे घातले की तो माद्यांना अधिक आवडतो, हे उदाहरणही मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाही. हाऊस फिंचचे उदाहरण मला जास्त भरवशाचे वाटते ते यामुळेच, की तिथे आहार, लागण आणि साथ अशा वेगवेगळ्या बाजूंनी तपासणी झाली आहे.

१४. जोडीने राहणारे पक्षी एकमेकांशी एकनिष्ठ असतात का? असतील तर निवड एकदाच होते का?

एकत्र घरटे करणे आणि पिल्लांचे पितृत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. जनुकीय चाचण्या १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पक्ष्यांसाठी वापरात आल्यावर, जोडीने राहणाऱ्या बहुसंख्य जातींत काही पिल्ले शेजारच्या नराची असतात हे उघड झाले. सरासरी प्रमाण दहा पिल्लांमागे एकाहून किंचित जास्त आहे. त्यामुळे मादीची निवड जोडी जमल्यावरही चालू राहते, आणि ‘जोडी जमली म्हणजे खुणेचे काम संपले’ असे मानता येत नाही.

१५. संशोधक पक्ष्यांना पकडून रक्त काढतात, त्याने त्यांना इजा होत नाही का? मला असे काम करता येईल का?

बारीक धाग्याच्या उभ्या जाळ्यात पक्षी अलगद अडकतो. तो काही मिनिटांत सोडवून कापडी पिशवीत ठेवतात, पंख आणि पायाचे माप घेतात, वजन करतात आणि क्रमांकाचे वाळे घालतात. रक्त पंखाखालच्या शिरेतून, शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी घेतले जाते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असल्याने जनुकीय चाचणीला एक थेंबही पुरतो, आणि त्याच थेंबाच्या काचपट्टीवर हिवतापासारखे परजीवी दिसतात. ताणाचे संप्रेरक मोजायचे असेल तर पक्षी जाळ्यात आल्यापासून सुमारे तीन मिनिटांत रक्त घ्यावे लागते, कारण त्यानंतर पकडल्याचाच ताण रक्तात उतरू लागतो. उन्हात, पावसात किंवा अननुभवी हातांत हेच काम जीवघेणे ठरते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय जंगली पक्षी पकडणे, घरटी वा अंडी हलवणे गुन्हा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून पक्ष्यांना वाळी घालण्याचे काम करत आली आहे. शिकायचे असल्यास अशा मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रशिक्षणातूनच शिकावे.

१६. मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रांवरून रंगाची तुलना करता येते का?

छटेची बारीक तुलना करता येत नाही. सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात तोच पक्षी वेगळा दिसतो, आणि मोबाईल स्वतःहून रंग ‘सुधारतो’. शिवाय पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात व त्यांना अतिनील छटाही दिसतात. युरोपातील ब्लू टिट आपल्याला नर–मादी सारखे दिसतात, पण अतिनील प्रकाशात नराचे डोके मादीहून अधिक चमकते, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. ते आपल्या कॅमेऱ्यात उमटत नाही.

तारखेसह ठेवलेली नोंद मात्र फार उपयोगाची असते. एकाच विहिरीवरच्या सुगरणींमध्ये पहिली पिवळी टोपी कोणत्या तारखेला दिसली, किती अर्धे खोपे सोडून दिले गेले, फीडरवरच्या किती फिंचपैकी कितींचे डोळे सुजलेले होते, हे दरवर्षी लिहून ठेवावे आणि निरोगी पक्ष्यांची संख्याही तितक्याच काळजीने लिहावी, कारण तिच्याशिवाय आजाराचे प्रमाण काढता येत नाही. विणीच्या काळात घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये आणि चांगले चित्र मिळावे म्हणून भोवतालच्या फांद्या तोडू नयेत. झाकण गेले की कावळ्याला ते घरटे सापडायला वेळ लागत नाही.